"वाटलं नव्हतं कुणी थांबेल": रस्त्यावरची मदत आणि आपला संशोधन-प्रश्न



रस्त्यात अपघात झाला आणि अनोळखी माणसं धावून आली, असा अनुभव कुणीही सांगायला लागलं की एक वाक्य हमखास येतं: "वाटलं नव्हतं हो कुणी थांबेल म्हणून." नांदेड–देगलूर रस्त्यावर नायगाव, नरसी, शंकरनगर, कुठंही चहाला थांबा आणि अपघाताचा विषय काढून बघा. गाडी स्लिप झाली, पाय खाली अडकला, शेतातून दोघं पळत आले, एकानं पाणी पाजलं, दुसऱ्यानं खिशातला मोबाईल काढून घरी फोन लावला, कुणाच्या तरी जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं. नेणारा कोण, गाव कुठलं, काही माहीत नाही. ऐकणारा म्हणतो, "देवमाणूस भेटला बघा." आणि विषय संपतो.

संशोधन करणाऱ्याचा विषय मात्र इथं सुरू होतो. त्या एका वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. लोक का थांबले, हा एक. आणि थांबणार नाहीत असं आपल्याला का वाटत होतं, हा दुसरा. पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेले बहुतेकजण पहिल्याच्या मागे जातात आणि 'समाजातील परोपकारी वृत्तीचा चिकित्सक अभ्यास' असं काहीतरी शीर्षक करून मोकळे होतात. मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. या विषयातलं जवळपास साठ वर्षांचं संशोधन एका चुकीच्या अपेक्षेवर उभं राहिलं आणि नंतर हळूहळू सावरलं. ते कसं, हे आज बघू.

आधी जागा समजून घ्या. देगलूर हे दोन राष्ट्रीय महामार्गांवरचं गाव. अकोल्याहून हिंगोली–नांदेड करत संगारेड्डीकडं जाणारा १६१ आणि बार्शी–लातूर–उदगीरहून निजामाबादकडं जाणारा ६३ इथं भेटतात. एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बसस्टँडवर ऐकू येतात. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, एरवी हैदराबादकडचे ट्रक, आणि या सगळ्यांच्या मधून डबलसीट, ट्रिपलसीट मोटारसायकली. गंभीर दुखापतीसाठी शेवटी नांदेडलाच जावं लागतं, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं 'गोल्डन अवर'ची व्याख्या केली आहे: इजा झाल्यापासूनचा एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. देगलूरहून निघालेल्या रुग्णाचा तो तास रस्त्यातच जातो. त्याच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं तर पूर्णपणे तिथं हजर असलेल्या माणसांच्या हातात असतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. राज्यात रोज चाळीसच्या वर. अनोळखी माणूस थांबतो की नाही, हा प्रश्न म्हणून नुसता संस्कारांचा राहत नाही.

आता पूर्वसंशोधनाचा आढावा घेऊ. कुठलंही सामाजिक मानसशास्त्राचं पुस्तक उघडा, हा विषय न्यूयॉर्कपासून सुरू होतो. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोवीज नावाच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर बातमी दिली: मथळ्यात ३७ जणांनी खून पाहिला आणि पोलिसांना कळवलं नाही, तर पहिल्याच वाक्यात तो आकडा ३८. (एकाच बातमीत दोन आकडे! संशोधकानं इथंच कान टवकारायला हवे होते.) या बातमीनं अमेरिका हादरली आणि जॉन डार्ली व बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न घेतला: इतकी माणसं असून कुणी का पुढं आलं नाही?

त्यांचा १९६८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, हेडफोन आणि माइकवरून एकमेकांशी बोलायला सांगितलं. बोलता बोलता एकाला झटका येतो, तो मदत मागतो. हे सगळं आधीच टेप केलेलं, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटल्यावर हा आकडा ६२ वर आला. आणखी चारजण ऐकतायत असं वाटल्यावर ३१ वर. 'कुणीतरी करेल की' म्हणून प्रत्येकाची जबाबदारी वाटली जाते, असा निष्कर्ष निघाला. गर्दी जितकी मोठी तितकी मदत कमी, हे वाक्य तिथून पाठ्यपुस्तकात गेलं आणि नेट-सेटच्या गाईडमध्येही बसलं.

इथं जरा थांबू आणि कागद-पेन घेऊ, कारण मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथं आहे. ३१ टक्के हा आकडा कुणाचा? *एका* बघ्याचा. पण जो रस्त्यावर पडलाय त्याला अमुक एक माणूस येतो का याच्याशी काय घेणं? त्याला कुणीतरी यायला हवं. पाचजण आहेत आणि प्रत्येकजण न येण्याची शक्यता ६९ टक्के आहे असं धरा. पाचही न येण्याची शक्यता म्हणजे ०.६९ पाच वेळा गुणायचं: साधारण ०.१६. म्हणजे निदान एकजण येण्याची शक्यता ८४ टक्के. दोघे असताना? ०.३८ गुणिले ०.३८ म्हणजे सुमारे ०.१४, तर निदान एकजण येण्याची शक्यता ८६ टक्के. आणि एकटा असताना ८५. बघा: ८५, ८६, ८४. बघ्याच्या बाजूनं पाहिलं तर मदत निम्म्याहून खाली आली, पडलेल्याच्या बाजूनं पाहिलं तर काहीच बदललं नाही! आकडे तेच, प्रयोग तोच. फरक फक्त विश्लेषणाचं एकक कोणतं धरलं याचा. व्हायवामध्ये 'युनिट ऑफ अ‍ॅनालिसिस म्हणजे काय' असं विचारलं तर हे उदाहरण द्या.

अर्थात माझ्या या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे. प्रत्येकजण दुसऱ्याकडं न बघता आपापला निर्णय घेतो, असं मी धरलं. त्या प्रयोगात ते खपतं, कारण माणसं बंद खोल्यांत होती. रस्त्यावर माणसं एकमेकांना दिसतात. एकानं "धरा धरा" म्हटलं की चार हात पुढं येतात, आणि सगळेच नुसते उभे असतील तर प्रत्येकाला उभं राहणंच बरोबर वाटतं. म्हणून प्रयोगशाळेतून रस्त्यावर यावंच लागतं.

ते काम १९६९ मध्येच झालं होतं. पिलियाविन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, जिथं साडेसात मिनिटं मधे स्टेशन नाही अशा टप्प्यात, एका तरुणाला डब्यात मुद्दाम कोसळायला लावलं. हातात काठी असलेला तरुण ६५ पैकी ६२ वेळा आपणहून उचलला गेला. दारूचा वास आणि हातात बाटली असलेला ३८ पैकी १९ वेळा. डबा भरलेला होता म्हणून मदत घटली, असं काही दिसलं नाही. म्हणजे उलट पुरावा पहिल्या वर्षापासून हजर होता. पण ३८ निष्क्रिय साक्षीदारांची गोष्ट इतकी जबरदस्त होती की लोकांच्या लक्षात तीच राहिली.

आणि ती गोष्टच पक्की नव्हती. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी कोर्टातली कागदपत्रं तपासून लिहिलं की ३८ जणांनी खून होताना पाहिला याला पुरावा नाही. दुसरा, जीवघेणा हल्ला इमारतीच्या मागच्या जिन्यात झाला होता, तिथं बहुतेकांना काही दिसणंच शक्य नव्हतं. पहिल्या हल्ल्यात एका शेजाऱ्यानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं. आणि शेवटी एक शेजारीण खाली धावत गेली, अँब्युलन्स येईपर्यंत तिनं किटीला धरून ठेवलं. 'टाइम्स'नं २०१६ मध्ये स्वतःच ती जुनी बातमी सदोष असल्याचं छापलं. ती शेजारीण सगळ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांतून चाळीस वर्षं गायब होती.

बातमी चुकीची म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. प्रयोगानं जे मोजलं ते मोजलंच. पण आपण काय शोधायला निघालो, हे त्या बातमीनं ठरवलं. 'लोक का येत नाहीत' हेच विचारत राहिलं, तर जे येतात ते दिसणार कसे? २०२० मध्ये फिलपॉट, लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथलं सीसीटीव्ही चित्रण घेतलं. सार्वजनिक ठिकाणच्या भांडणांचे २१९ खरे प्रसंग. त्यांतल्या ९१ टक्के प्रसंगांत निदान एक बघ्या मध्ये पडला होता, आणि माणसं जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. (ही भांडणं आहेत, अपघात नाहीत. तुमच्या प्रकरणात हा आकडा सरळ उचलून लावू नका.)

मग आपल्याकडं 'कुणी थांबेल असं वाटलं नव्हतं' हे कुठून आलं? आपल्याकडं न्यूयॉर्कची बातमी कुणी वाचून बसलेलं नाही. इथं कारण वेगळं आहे आणि ते पुष्कळ ठोस आहे. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०१३ मध्ये सात शहरांत पाहणी केली. अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी, असं ७४ टक्के लोक म्हणाले. त्यांना कारण विचारलं तर ८८ टक्क्यांनी पोलिसांची चौकशी आणि कोर्टाचे हेलपाटे सांगितले. दवाखान्यात अडकवून ठेवतात, पैशाशिवाय हात लावत नाहीत, हेही मोठ्या संख्येनं सांगितलं. माणुसकी आटली असं या आकड्यांतून निघत नाही. थांबण्याची किंमत जास्त होती, एवढं निघतं. आमच्याकडं म्हणतात ना, "उचलायला काही नाही, पण नंतर तारखा कोण करणार?"

ही किंमत कमी करायचं काम कायद्यानं टप्प्याटप्प्यानं केलं. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर. सेव्हलाइफच्या याचिकेवरून मे २०१५ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ ला न्यायालयानं त्यांना बंधनकारक केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं: मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही कमी-जास्त झालं तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, आणि हे हक्क दवाखान्यानं दर्शनी भागात लोकांना कळेल अशा भाषेत लावायचे. तुमच्या गावच्या दवाखान्यात तो फलक आहे का, हे नुसतं फिरून नोंदवलंत तरी एक छोटं क्षेत्रकार्य होईल.

पुढं सरकारनं बक्षीसही ठेवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ५,००० रुपये, आणि २०२५ मध्ये 'राह-वीर' नावानं २५,०००. गंमत बघा, कलम १३४-अ मधली व्याख्याच म्हणते की बक्षिसाची अपेक्षा न ठेवता मदत करणारा. एक हात म्हणतो अपेक्षा ठेवू नको, दुसरा हात पैसे पुढं करतो. पैसे दिल्यानं चांगुलपणा वाढतो की त्याचा व्यवहार होतो, हा वाद रिचर्ड टिटमस यांनी रक्तदानावरून १९७० मध्ये मांडला होता. महामार्गावर तो नव्यानं तपासता येईल.

सेव्हलाइफच्याच २०१८ च्या अभ्यासात मदतीची तयारी दाखवणारे २६ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेले. टाळ्या वाजवायच्या आधी पुढचे आकडे बघा. दवाखान्यापर्यंत सोबत जायला तयार २९ टक्के, अँब्युलन्सला फोन करायला २८, पोलिसांना कळवायला १२. आणि ८४ टक्क्यांना कायदाच माहीत नव्हता. 'मदत कराल का' याला 'हो' म्हणणं फुकट असतं. प्रश्नावली काढताना 'मदत' हा शब्द तसाच ठेवलात तर तुमचाही आकडा असाच गोड येईल.

आता या कायद्यानं संशोधकापुढं एक मजेशीर पेच टाकलाय. सरकारी दवाखान्यात अपघाताचा रुग्ण आला की एमएलसी रजिस्टरमध्ये नोंद होते आणि त्यात रुग्णाला कोणी आणलं हेही लिहितात: नातेवाईक, पोलीस, १०८, अमुक इसम. पहिला विचार येतो की परवानगी काढून दहा वर्षांची रजिस्टरं मोजू, कायद्याच्या आधी आणि नंतर. पण नाव न सांगता निघून जायचा हक्क मिळाल्यावर जो माणूस पूर्वी नाव लिहायचा, तो आता रुग्णाला स्ट्रेचरवर ठेवून परत फिरतो. कागदावर मदत करणारे कमी दिसतील, प्रत्यक्षात वाढलेले असतील. किंवा उलटही. ज्या नियमानं चांगुलपणाला संरक्षण दिलं, त्यानंच त्याची नोंद पुसली. १०८ चे कॉल रेकॉर्ड घ्या म्हणाल तर त्यात फोन केलेलेच प्रसंग असतात, परस्पर जीपमधून नेलेले नसतात. आणि चहाच्या टपरीवरच्या आठवणी? त्या सांगणारा जिवंत असतो. ज्याच्यासाठी कुणी थांबलं नाही, तो "कुणीच थांबलं नाही हो" हे सांगायला त्या बाकड्यावर नसतो. 'अनपेक्षित मदती'च्या गोड गोष्टी गोळा करून प्रबंध लिहायचा मोह होईल तेव्हा ही रिकामी जागा डोळ्यासमोर ठेवा.

सीमेवरच्या तालुक्याचा खरा फायदा वेगळ्या प्रश्नासाठी आहे. २००५ मध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावपटू पाडला. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर मदत भरपूर, लिव्हरपूलचा असेल तर फार कमी. पुढच्या प्रयोगात त्याच चाहत्यांना आधी 'आपण सगळे फुटबॉलप्रेमी' अशी आठवण करून दिली, तर लिव्हरपूलवाल्यालाही हात मिळाला. 'आपला' कोण याची रेषा सरकते. आमच्याकडं पडलेल्याला पाणी दिल्यावर पहिला प्रश्न असतो, "कुठल्या गावचे?" तो चौकशीचा असतो, पण 'आपला' ठरवण्याचाही असतो का? तेलंगणा पासिंगच्या ट्रकचा ड्रायव्हर तेलुगूत हाक मारतो तेव्हा, आणि उदगीरकडचा मोटारसायकलवाला मराठीत मारतो तेव्हा, थांबणाऱ्यांत फरक पडतो का? की चार भाषांच्या या पट्ट्यात 'आपला' हा शब्द मुळातच रुंद आहे? माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे. पण अंदाज म्हणजे निष्कर्ष नव्हे, तो खोडता येईल असा मांडायचा.

गोड चित्र रंगवायची घाई नको, हेही सांगतो. जखमींना उचलणारी पब्लिक आणि उलटलेल्या ट्रकमधला माल पळवणारी पब्लिक एकाच रस्त्यावर असते. कधी एकाच दिवशी, एकाच जागी. धडक देणारा ड्रायव्हर थांबत नाही, त्याचं एक कारण मार खायची भीती हेही असतं. 'गर्दी' नावाचा एकच चल करून चालणार नाही. कोण आधीपासून तिथं होतं आणि कोण वेगात जात होतं, हेही वेगळं करा. डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ मध्ये धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, घाई नसलेल्यांतले ६३ टक्के थांबले आणि फार घाईत असलेल्यांतले फक्त १०. पंक्चरवाला, टपरीवाला, वखर सोडून धावत आलेला शेतकरी यांना थांबायचं नसतंच, ते थांबलेलेच असतात. रस्ते रुंद होत चाललेत, तशी रस्त्याकडेची दुकानं मागं सरकतायत. याचा मदतीवर काय परिणाम होतो, हा माझ्या मते पूर्ण पीएचडीचा विषय आहे.

पद्धतीबद्दल थोडं. खोटा अपघात घडवून बघायचा विचारही करू नका. नैतिकता समितीचं सोडा, महामार्गावर मागून येणारा ट्रक प्रयोग ओळखत नाही. मुलाखती घ्या, आणि घडून गेलेल्या एका प्रसंगाबद्दल घ्या: शेवटचा अपघात कधी पाहिला, तेव्हा हातात काय काम होतं, तुमच्या आधी कोण पोचलं, गाडी कुणाची मिळाली, तुम्ही परत कधी आलात. आणि अपेक्षेसाठी एकाच माणसाला दोन प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी विचारा. इथं कुणी पडलं तर येणाऱ्या-जाणाऱ्या दहातले किती थांबतील? आणि मागच्या वेळी तुम्ही थांबलात का? या दोन उत्तरांतलं अंतर म्हणजे ते 'वाटलं नव्हतं' मोजायची पट्टी. फ्लिन आणि लेक यांच्या २००८ च्या प्रयोगांत अनोळखी लोकांकडं छोटी मदत मागायला निघालेल्यांचा अंदाज होता त्याच्या जवळपास निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. लोक 'हो' म्हणतील याचा अंदाज आपण सातत्यानं कमी धरतो. देगलूरला तो किती कमी धरला जातो, हे कुणीतरी मोजायला हवं.

मुलाखत नांदेडची प्रमाण मराठी घेऊन करू नका. तेलुगू आणि दखनी बोलणारा सोबती घ्या, संमतीपत्रक वाचून दाखवा. मदत करणाऱ्यानं त्या दिवशी दवाखान्यात नाव सांगितलं नसेल, तर तो तुम्हालाही कदाचित सांगणार नाही. वहीत 'नाव सांगितलं नाही' एवढं लिहा आणि पुढचा प्रश्न विचारा.